स्टीलची सवत

मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे, आणि मला जुनी म्हटलेलं मुळीच खपत नाही. मी स्वतः म्हणते तेवढं ठीक. दुसरं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. वरून तपकिरी, खालून पांढरी, पोटाने घसघशीत, पस्तीस लिटरची आहे मी. उजव्या कानाचा टवका उडालाय, पण ती बाजू भिंतीकडे केली तर मी आजही कुठल्याही घरात शोभून दिसेन. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधीच एक कबूल करते. मी जळकुकडी आहे. पूर्वी नव्हते. आमच्या गोठ्यात ती स्टीलची भवानी आली आणि मी जळायला लागले, ते अजून पुरतं विझलेलं नाही.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका भट्टीत झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. उकाडा तेवढा आठवतो, आणि नागपुरात आल्यावर त्याचं काही नवल उरलं नाही. पेंढ्यात गुंडाळून आम्हा बहिणींना इतवारीत आणलं. भांड्यांच्या दुकानाबाहेर आम्ही अकरा जणी ओळीने उभ्या होतो. हातगाड्या, टेम्पो, माणसं, सगळे आम्हाला घासून जायचे. एक दिवस तुळसाबाई आली. तेव्हा ती नवी नवरी होती, लग्नाला सात महिने झाले होते. तिने एकेकीला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. माझा आवाज ऐकून ती थांबली, पुन्हा एकदा वाजवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हीच पाहिजे मले. बाकीच्या बद्द वाजतात."

नवरा म्हणजे मधुकरराव. हुडकेश्वरच्या पुढे त्यांची संत्र्याची बाग आहे. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि बसमध्ये चढवलं. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, एवढ्या मोठ्या बरणीचं अर्धं तिकीट लागते." मधुकरराव हुज्जत घालत राहिले, पण तुळसाबाईने तिकीट घेऊन टाकलं. म्हणजे मी या घरात तिकीट काढून आलेली आहे, फुकटात नाही. त्या स्टीलच्या टाकीला विचारा, तिचं कुणी तिकीट काढलं होतं का! तिला ट्रकमध्ये आडवी पाडून, दोरखंडाने बांधून आणली.

पंचवीस वर्षं मी त्या घराचं लोणचं सांभाळलं. आंब्याचं, लिंबाचं, एखाद्या वर्षी कच्च्या संत्र्याचंसुद्धा. दर उन्हाळ्यात तुळसाबाई मला चिंचेच्या पाण्याने घासायची, आठ दिवस अंगणात उन्हात ठेवायची आणि मग धुरी द्यायची. वाटीत रसरशीत निखारा, त्यावर तूप आणि हिंगाचा खडा, आणि त्यावर मला पालथी घालायची. पोटात धूर भरला की तोंडावर फडकं बांधायची. हिंगाच्या धुरीने बुरशी जवळ येत नाही, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. तिच्या हातचं लोणचं माझ्यात दोन-दोन वर्षं टिकायचं. पाहुणे वाटी चाटून विचारायचे, आणि ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "माझं काय नाही त्याच्यात, बरणी गुणाची हाये."

आम्ही दोघी एकाच वर्षी त्या घरात आलो, हे लक्षात ठेवा. तिची सासू होती, दीर होते, मुलगी झाली, ती मोठी झाली. सगळ्यात मी होते.

मुलगी म्हणजे मयुरा. ही पोरगी शिकायला नाशिककडे गेली आणि द्राक्षापासून वाइन कशी बनवतात ते शिकून आली. मित्रांनो, वाइन तुमच्यासाठी नाही बरं. ती मोठ्यांची वस्तू आहे, तुम्ही खुशाल द्राक्षं खा. तर मयुराने रस्त्याकडच्या एका एकरातली म्हातारी संत्र्याची झाडं काढली आणि तिथे वेली लावल्या. लहान काळे मणी, जाड साल, आत बिया. गावातले लोक बांधावर उभे राहून हसायचे. "नागपुरात राहून संत्रं सोडलं अन् द्राक्षं लावली, बाप्पा! उद्या सफरचंद लावन." मयुरा कुणाला उत्तर देत नसे. ती खांबांना तारा ओढायची, ऑक्टोबरात छाटणी करायची आणि एका लहान नळीत रसाचा थेंब टाकून, एक डोळा मिटून गोडी मोजायची.

वाइन करण्याचा सरकारी परवाना हातात आला तेव्हा वेलींना पहिल्यांदाच थोडे घड लागले होते. थोड्या मालाला लहान भांडं हवं. मयुराची नजर माझ्यावर पडली. तुळसाबाई तेव्हा भावाच्या मुलीच्या लग्नासाठी खापरखेड्याला गेली होती. मयुराने मला तीन दिवस घासलं. सोड्याने घासलं, कढत पाण्याने घासलं, पुन्हा पुन्हा आत डोकं घालून वास घेतला. "हिंगाचा वास राहिला तर सगळी वाइन गेली समज," असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. हे मी ऐकलं आणि नीट लक्षात ठेवलं. तुळसाबाई परत आली तेव्हा मयुरा माझ्या पोटात गंधकाची वात जाळत होती, म्हणजे आतली नको ती घाण मरावी. तुळसाबाईने तो पिवळसर धूर पाहिला, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्यात बी धुरी देतात तर." मयुरा हो म्हणाली. ती घाईत होती.

मग द्राक्षं चिरडून माझ्यात भरली. तुळसाबाईने मला ओल्या वाळूत बसवलं, माझ्याभोवती गोणपाट गुंडाळलं आणि दिवसातून चार वेळा त्यावर पाणी शिंपडलं. रस माझ्या पोटात खदखदायला लागला. द्राक्षाच्या साली वर येऊन जाड थर धरायच्या आणि मयुरा तो थर लाकडी रवीने खाली दाबायची, कारण रंग आणि चव त्या सालींतूनच उतरते. काही महिन्यांनी ती वाइन निघाली. मयुराचे गुरुजी नाशिकहून आले होते, त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले. या घराची पहिली वाइन माझ्या पोटात झाली आहे. हे मी सांगितल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून सांगते.

आणि मग काय झालं? पुढच्या वर्षी माल वाढला, तशी मी लहान पडले. निळे प्लास्टिकचे ड्रम आले. मला उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. म्हशी कधीच्या विकल्या होत्या, त्या गोठ्यालाच आता वाइनरी म्हणत. माझ्या झाकणावर मयुरा तिच्या गाडीचं हेल्मेट ठेवायची. पंचवीस वर्षं सेवा केली, पहिली वाइन दिली आणि नशिबात काय आलं, तर हेल्मेट!

ड्रमांनी दोन वर्षं दगा दिला. आमच्याकडे फेब्रुवारी सरत आला की ऊन चटके देतं. ड्रममधला रस तापला आणि वाइनला शिजवल्यासारखी चव आली. एक वर्ष फेकली, दुसऱ्या वर्षीही फेकली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मधुकररावांना मात्र घोर लागला. हुडकेश्वर वाढत वाढत आमच्या कुंपणापर्यंत आलं होतं. रस्त्याकडच्या त्या एकरावर लेआउटवाल्यांचा डोळा होता. ते येऊन ओट्यावर बसत, चहा पीत आणि चुन्याच्या फक्कीने प्लॉट कसे पाडता येतील ते सांगत. दुसऱ्यांदा वाइन फेकली त्या संध्याकाळी मधुकरराव मुलीला म्हणाले, "मयुरा, मी तुले ना नाही म्हणलं कधी. पण आता ही शेवटची खेप. यंदा जमली तर वेली राहतील. नाही जमली तर मी लेआउटवाल्याले हो म्हणतो, अन् मग तू रडायचं नाही."

"नाही रडत," मयुरा म्हणाली. पण तिचा आवाज तेव्हाच ओला झाला होता.

त्या शेवटच्या खेपेसाठी टाकी आणली. बाप्पा, काय तो थाट! हजार लिटरची, आरशासारखी चकचकीत, चार पायांवर उभी. तिच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी फिरतं. तिच्या छातीवर लाल आकडे दिसतात, आत किती गरम आहे ते सांगतात. खाली नळ, वर गोल झाकण, चढायला शिडी. ती आली त्या दिवशी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मयुराने तिच्याजवळ उभं राहून फोटो काढले. फोटो नीट यावा म्हणून मला उचलून दाराआड ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आले तेव्हा कुणी नारळ फोडला होता? चिंचेच्या पाण्याने घासलं आणि कैऱ्या भरल्या! नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं. पण नऊ झाले, नव्वद झाले, तरी टाकीचं कौतुक संपेना. मयुरा सकाळी उठून आधी तिच्याकडे यायची. मऊ फडक्याने तिला पुसायची. माझ्यावर धूळ साचली होती, त्या धुळीत कुणीतरी बोटाने फुली मारून ठेवली होती.

एक गोष्ट मला दिसत होती, ती त्या घरात दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हती. तुळसाबाईसुद्धा माझ्यासारखीच कोपऱ्यात बसली होती. काही विचारायचं झालं की मयुरा फोनवर विचारायची, अंकुशला विचारायची. अंकुश हा तिचा कॉलेजातला मित्र, आता नागपुरातल्या एका मोठ्या हॉटेलासाठी वाइन निवडतो. वाइन जमली तर तोच घेणार होता. तुळसाबाई चहा घेऊन गोठ्याच्या दारात यायची आणि मयुरा म्हणायची, "आई, आत नको येऊ, सगळं साफ केलं हाये. कशाले हात नको लावू." ती बिचारी उंबऱ्यावरून कप द्यायची आणि परत जायची.

तोडणीच्या आदल्या संध्याकाळी मयुराने टाकी औषधाच्या पाण्याने धुतली आणि झाकण लावलं. पहाटे उजाडायच्या आत ती आणि मधुकरराव बायांना घेऊन वेलींत गेले, कारण ऊन चढण्याआधी घड तोडावे लागतात. गोठ्यात कुणी नव्हतं. तेवढ्यात तुळसाबाई आली. तिने आधी कोपरे पाहिले, टाकी पाहिली, हात फिरवला, वास घेतला.

"पाह्य वं, पोरगी धुरी द्याले विसरली," ती मलाच म्हणाली. तिथे दुसरं कोण होतं? "पहिल्या खेपेले बरणीले देली होती, तर किती चांगली झाली. अन् यंदाच विसरली. आज तिच्या डोक्यात किती गोष्टी असतील."

ती घरात गेली आणि निखारा घेऊन आली. लोखंडी तसराळ्यात निखारा, त्यावर तूप आणि हिंग. चिमूटभर नाही, टाकी मोठी म्हणून अख्खी डबी. गंधकाच्या घाणेरड्या वासापेक्षा आपला हिंग बरा, असं तिचं मत. शिडीवर चढून तिने तसराळं दोरीने टाकीत सोडलं, झाकण लावलं आणि हात जोडले. मग अर्ध्या तासाने ते काढून घेतलं आणि झाकण घट्ट फिरवलं.

तुम्हाला काय वाटतं, मला काय वाटलं असेल? मित्रांनो, मला आधी रडू आलं. ती धुरी माझी होती! पंचवीस वर्षं ती फक्त माझी होती. निखारा माझा, तूप माझं, फडकं माझं, आणि तुळसाबाईचे ते जोडलेले हातही माझेच. सगळं त्या भवानीला दिलं आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी इतकी जळले, इतकी जळले की मला दुसरं काही सुचेना. मग थोड्या वेळाने मला मयुराचं बोलणं आठवलं. हिंगाचा वास राहिला तर सगळी वाइन गेली. आणि माझं रडू एकदम थांबलं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

दिवस वर आला तशा टोपल्या येऊ लागल्या. हाताने फिरवायच्या यंत्रात घड चिरडले आणि रस, साली, बिया सगळं बादल्यांनी टाकीत ओतलं. त्या धावपळीत वासाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. टाकी भरली आणि थोडं उरलं. मयुरा कपाळ पुसत इकडेतिकडे पाहायला लागली. "आई, ती बरणी हाये ना जुनी, ती धुऊन दे पटकन. एवढं फेकवत नाही."

ऐकलंत? जुनी. आणि माझ्या वाट्याला काय, तर उरलेलं! लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचं झाल्यावर वाढतात तसं. तुळसाबाईने मला कढत पाण्याने धुतलं, वाळूत बसवलं, ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मयुराने तो उरलेला रस माझ्यात ओतला. त्याआधी तिने माझ्यावरचं हेल्मेट काढून खिळ्याला अडकवलं होतं, एवढाच काय तो मान.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघी शेजारी शेजारी खदखदत होतो. तिच्यात नळ्यांतून थंड पाणी फिरत होतं, माझ्यावर तुळसाबाई तांब्याने पाणी शिंपडत होती. मयुरा दिवसातून तीनदा शिडीवर चढून टाकीतल्या साली खाली दाबायची. माझ्या साली मात्र तुळसाबाई दाबायची. "एवढं तर मी करू शकते ना," ती म्हणाली, आणि मयुराने मान हलवली. टाकीजवळ मयुरा दर वेळी थांबून नाक वर करायची. चौथ्या दिवशी तिने ओरडून विचारलं, "आई, फोडणी देऊन राहिली का?"

"हो वं, वरणाले!" तुळसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि खरंच ती वरणाला फोडणी देत होती. आमच्या घरात दिवसातून दोनदा हिंगाची फोडणी होते. मयुरा मान हलवून पुन्हा कामाला लागली. आठव्या दिवशीही तिने तेच विचारलं आणि तेच उत्तर आलं. मी आतल्या आत हसत होते. टाकीच्या छातीवरचे लाल आकडे सगळं ठीक आहे म्हणून सांगत होते. हिंग मोजायचा आकडा तिच्याकडे नव्हता!

अकराव्या दिवशी अंकुश आला. सोबत त्याने काचेचे उंच पेले आणले होते. मधुकरराव मुद्दाम नवा सदरा घालून आले आणि दाराशी उभे राहिले. त्यांच्या हातात फोन होता. लेआउटवाला दुपारी येणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मयुराने टाकीचा नळ उघडला आणि जांभळी वाइन पेल्यात घेतली. अजून गढूळ होती, पण पारख करणाऱ्याला तेवढी पुरते. अंकुशने पेला नाकाशी नेला. त्याने पुन्हा वास घेतला. मग एक घोट घेतला आणि तो बाजूच्या बादलीत थुंकला.

"मयुरा," तो हळूच म्हणाला, "यात हिंग काहून येऊन राहिला?"

"घरातून येत असन..." म्हणत तिने पेला त्याच्या हातातून घेतला आणि गोठ्याबाहेर, पार वेलींपर्यंत चालत गेली. तिथे उघड्यावर तिने वास घेतला. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पूर्ण टाकी गेली," एवढंच म्हणाली ती आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या. घाला आता हार! काढा आता फोटो!

तुळसाबाई दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिने हातातला ट्रे खाली ठेवला. "मयुरा, मी देली वं धुरी," ती म्हणाली. "तू विसरली, असं वाटलं मले. हिंगाची धुरी देली मी टाकीले. मीच."

मयुरा आईकडे पाहत राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तिने एवढंच विचारलं, "आई, तू मले विचारलं काहून नाही?"

"तू मले काही विचारते का?" तुळसाबाई म्हणाली. "चार वर्षं झाले. तू फोनले विचारते, अंकुशले विचारते, पुस्तकाले विचारते. मी आत आली तर म्हणते, हात नको लावू. मी तुयी माय हाओ ना? मले वाटलं, यात एक तरी गोष्ट माझ्या हातची राहू दे. एकच. अन् तेवढ्यानं सगळं बुडवलं मी."

ती पदर तोंडात धरून रडायला लागली. आणि मित्रांनो, माझ्या पोटातलं हसू तिथेच विरलं. ती माझंच बोलत होती. शब्दन् शब्द माझा होता.

मधुकररावांनी फोनवर नंबर काढला. ते रागावले नव्हते, थकले होते. "जाऊ द्या आता," ते म्हणाले. "कोणाची चूक नाही. पण मी शब्द देला होता."

"थांबा," तुळसाबाईने डोळे पुसले. "थांबा अहो. बरणीत तर पाहा अगोदर. तिले नाही देली मी धुरी."

"तिले काहून नाही देली?" अंकुशने विचारलं.

"जुनी हाये. तिले काय होते, म्हणलं."

त्या जुनीवर मी त्या दिवशी रागावले नाही. तेवढा एकच दिवस.

मयुराने माझं झाकण काढलं. साली बाजूला सारून तिने पेला बुडवला आणि अंकुशला दिला. तो घोट त्याने थुंकला नाही. बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला आणि मधुकररावांकडे वळला. "काका, द्राक्षांत खोट नाही. हातात खोट नाही. ही स्वच्छ वाइन हाये अन् नागपूरच्या मातीतली हाये. ही निवळू द्या, बाटल्यांत भरा, मी सगळी घेतो. अन् पुढच्या साली अशी हजार लिटर करा, तीबी घेतो. लिहून देऊ?"

मधुकरराव वाइन पीत नाहीत. त्यांनी पेला घेऊन फक्त वास घेतला, दोनदा घेतला. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. "लेआउटवाला आला तर त्याले चहा पाजून पाठवून द्या," ते म्हणाले. "वेली राहू दे. पण एक अट हाये. पुढच्या साली तुम्ही माय-लेकी मिळून करान. एकटीनं कोणी नाही."

दुपारी मयुराने टाकीचा नळ पूर्ण उघडला. हजार लिटर वाइन नालीतून वाहत खताच्या खड्ड्याकडे गेली. वर्षभराची मेहनत, छाटणी, तारा, पहाटेची तोडणी, सगळं जांभळं होऊन वाहत होतं. मयुरा नळाजवळ उभी होती आणि तुळसाबाईने तिचा हात धरला होता. माझ्या सवतीचं पोट रिकामं होत होतं. मला वाटलं होतं की हे पाहून मला फार बरं वाटेल. थोडं वाटलं, नाही म्हणत नाही. पण माझ्या पोटातली पस्तीस लिटर आणि तिच्या पोटातली हजार, एकाच वेलीची लेकरं होती. त्या आवाजाने मला दिवसभर कसंतरी होत राहिलं.

आता मी गोठ्यात मध्यभागी असते. माझ्या वाइनवर तुळसाबाईची नजर आहे. रोज सकाळी ती वास घेते आणि मयुरा तिला विचारते, "आई, कशी वाटते? आज गाळायची का?" तुळसाबाई कधी हो म्हणते, कधी थांब म्हणते, आणि मयुरा खरंच थांबते. टाकीही आहे. तिला मयुराने आठ दिवस धुतलं आणि तुळसाबाईने नाक लावून पास केलं. आणि ऐका, परवा माय-लेकी हसत हसत काय ठरवत होत्या माहीत आहे? पुढच्या साली अजून एक टाकी आणायची! मी घर वाचवलं, वेली वाचवल्या, आणि मला बक्षीस काय, तर दुसरी सवत. माझ्या दुसऱ्या कानाचाही टवका उडायचा बाकी राहिला होता.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, असं मी सांगणार नाही. आम्ही दणकट असतो, नाही जपलं तरी टिकतो. तुम्ही घरात नवं काही आणाल तेव्हा आणा, हार घाला, फोटो काढा. फक्त कोपऱ्यात जे बसलंय त्याला एकदा जवळ बोलवा आणि विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी आज रुसून कोपऱ्यात बसलं असेल, तर त्याने गप्प राहू नये. त्या पहाटे तुळसाबाई निखारा घेऊन शिडी चढली तेव्हा त्या गोठ्यात हिंगाचं सगळं माहीत असलेली मी एकटीच होते. बरणीला कुठे बोलता येतं, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगते, बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.